भारी नसलेलं घड्याळ

नवं घड्याळ कुणाच्याही हातात द्या, तो माणूस किती वाजले हे पाहत नाही. घड्याळ तळहातावर घेतो, दोनदा वर-खाली झुलवतो आणि मंडईत दुधी निवडताना करतात तसं तोंड करतो. आमच्या अण्णांनीही तेच केलं. फक्त त्यांनी तिसऱ्यांदाही झुलवलं.

“आत मशीन आहे ना रे?”

“आहे, अण्णा.”

“वजन लागत नाही म्हणून विचारलं. केवढ्याचं?”

मी ५२ हजार म्हणालो. अण्णांनी ३६ वर्षं बँकेत काढली आहेत. त्यांच्यासमोर आकडा नुसता पडून राहत नाही. “आणि वजन १०० ग्रॅम. म्हणजे तोळ्याला ५ हजार २००. चांदी परवडली असती.”

“पण आजोबा, घड्याळ भारी आहे!” चिरंजीव माझ्या मदतीला धावले.

“भारी नाहीये,” मी म्हणालो, “तोच तर मुद्दा आहे.”

आणि हाच मुद्दा मराठीत मांडता येत नाही. आपल्याकडे भारी म्हणजे वजनदार आणि भारी म्हणजे उत्तमही. साडी भारी, गाणं भारी, वडापाव भारी. उलट हलकं ते सगळं डाव्या बाजूचं: हलक्या प्रतीचा तांदूळ, हलक्या कानाचा साहेब. ज्याच्या शब्दाला वजन असतं त्याचं काम होतं. ज्याच्या नसतं त्याला फायलीवर वजन ठेवावं लागतं. आई भांड्यांच्या दुकानात गेली की पातेलं आधी तोलायची, मग वाजवायची आणि सगळ्यात शेवटी त्यात काय शिजवायचं याचा विचार करायची. अशा घरात वाढलेला माणूस ‘जास्त पैसे मोजून कमी वजन आणलं’ म्हणून सांगायला लागला, तर घरच्यांनी त्याच्याकडे काळजीनेच पाहायला हवं. पैसे भरून वजन कमी करण्याची पद्धत आपल्याकडे फक्त जिममध्ये मान्य आहे.

तरी मी प्रयत्न केला. “हे टायटॅनियम आहे, अण्णा.”

“टायटनचं? मग शोरूम स्टेशनजवळच आहे की. त्यासाठी चार महिने कसला अभ्यास करत होतास?”

टायटन वेगळं, टायटॅनियम वेगळं, हे मी आजवर अकरा जणांना समजावलं आहे. टायटन ही टाटांनी आणि तमिळनाडू सरकारच्या महामंडळाने मिळून १९८४ मध्ये काढलेली कंपनी. टायटॅनियम हा धातू, आणि ग्रीक पुराणातल्या टायटनांवरून त्याचं बारसं क्लाप्रोथ नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७९५ मध्ये केलं. अकरापैकी दहा जणांनी हे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “पण टायटनमध्ये एक्स्चेंज ऑफर होती का?”

संध्याकाळी आत्या आली. तिने वजन केलं नाही, रंग पाहिला. टायटॅनियमला स्टीलसारखी चमक नसते. राखेने घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा त्याचा करडा, गप्प रंग असतो. आत्या म्हणाली, “अगंबाई, जर्मलचं घेतलंस होय?”

“आत्या, तुझ्या गुडघ्यात जो सांधा बसवलाय ना, त्यात हाच धातू असतो.”

हे खरं आहे. कृत्रिम सांध्यांत, दातांच्या रोपणात टायटॅनियम वापरतात, कारण शरीर त्याला परकं मानत नाही. घाम, मीठ, रक्त कशाशीच त्याचं भांडण नसतं. मी त्याच्याकडे वळलो तोही याच कारणाने. आधीच्या स्टीलच्या घड्याळाखाली दर मे महिन्यात मनगटावर लाल चट्टा उठायचा. त्वचेच्या डॉक्टरांनी ‘निकेल सोसत नाही तुम्हाला’ म्हणून निकाल दिला आणि मलम लिहून दिलं. मलम ८० रुपयांचं होतं. त्यावर थांबता आलं असतं.

आत्याने एकदा घड्याळाकडे आणि एकदा गुडघ्याकडे पाहिलं. “माझं तुझ्यापेक्षा महाग पडलं हो. आणि ते वेळसुद्धा दाखवत नाही.”

जर्मलची गोष्ट मात्र माझ्या डोक्यात राहिली. घड्याळांत टायटॅनियम साधारण दोन प्रकारचं येतं. ग्रेड २ म्हणजे जवळजवळ शुद्ध, थोडं मऊ. ग्रेड ५ म्हणजे विमानांत वापरतात तो कडक मिश्रधातू. त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम, म्हणजे जर्मल, आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. माझं ग्रेड ५ आहे. म्हणजे आत्या ६ टक्के बरोबर होती. एवढं बरोबर तर घड्याळांच्या दुकानातलेही नव्हते.

आता मुख्य प्रश्न. चट्टा उठतो म्हणून टायटॅनियम घेतलं, हे समजण्यासारखं आहे. पण पाणबुड्यांचं घड्याळ कशाला? हा प्रश्न बायकोने विचारला, आणि तिला तो विचारायचा हक्क होता. माझं पोहणं म्हणजे विहिरीत पडलो तर लोक दोर घेऊन येईपर्यंतची सोय. मी तिला सांगितलं की ही घड्याळं मजबूत असतात, अंधारात दिसतात, शर्टावर आणि बर्म्युडावर सारखीच शोभतात. ती म्हणाली, “तुझ्याकडे बर्म्युडा नाहीये.”

खरं कारण असं की या घड्याळांना गोष्टी असतात. १९५३ साली ब्लांपां कंपनीने ‘फिफ्टी फॅदम्स’ नावाचं घड्याळ काढलं. फॅदम म्हणजे आपली वाव. कोकणातला खलाशी दोन्ही हात पसरून दोर मोजतो तीच. पन्नास वाव म्हणजे ९१ मीटर. हे कळल्यापासून त्या महागड्या स्विस नावात मला कुणीतरी छाती फुगवून, हात पसरून दोर मोजताना दिसतं. दुसरी गोष्ट जपानची. १९६८ मध्ये कुरे शहराकडच्या एका पाणबुड्याने सेइको कंपनीला पत्र लिहिलं की तुमची घड्याळं इतक्या खोल टिकत नाहीत. आपल्याकडे अशा पत्राला पोच येते. सेइकोने सात वर्षं काम केलं आणि १९७५ मध्ये ६०० मीटरचं घड्याळ काढलं. पाणबुड्यांच्या घड्याळाला टायटॅनियमचं अंग मिळालं ते तेव्हा पहिल्यांदा. दिसायला ते इतकं बसकं आणि गोल होतं की लोक त्याला ट्यूना माशाचा डबा म्हणायला लागले.

तिसरी गोष्ट मी अण्णांसाठी राखून ठेवली होती. अण्णांच्या मनगटावर अजून एचएमटी आहे. रोज सकाळी चहाआधी ते तिला चावी देतात, आणि मग ती अण्णांना चालवते. ही एचएमटी घड्याळं १९६१ मध्ये बंगळुरात सुरू झाली ती जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने. त्याच सिटिझनने १९७० मध्ये जगातलं पहिलं टायटॅनियमचं घड्याळ बाजारात आणलं. “म्हणजे अण्णा, तुमच्या घड्याळाचं आणि या धातूच्या घड्याळांचं आजोळ एकच.” अण्णांनी एचएमटी कानाला लावली, टिकटिक ऐकली आणि म्हणाले, “आजोळ एक असेल. पण आमच्या बाजूला पोटात काहीतरी आहे.”

गोष्टींनी घड्याळ निवडता येत नाही. त्यासाठी तक्ता लागतो. मी चार महिने तक्ता केला. रुंदी, जाडी, काच, पट्टा, अंधारातला उजेड असे सतरा रकाने. माझं मनगट सव्वासहा इंचाचं. पहिल्या दुकानात ४४ मिलिमीटरचं घड्याळ घालून पाहिलं, तेव्हा लाटण्याला पोळपाट बांधल्यासारखं दिसलं. विक्रेता म्हणाला, “सर, पर्सनॅलिटी येते.” पर्सनॅलिटी आली, पण शर्टाच्या बाहीत गेली नाही. तेव्हापासून ४० च्या वरचं काही मी हातात धरलं नाही. नवख्या माणसाला माझा सल्ला एवढाच: रुंदीपेक्षा जाडी पाहा, आणि पट्टा जिथे जोडला जातो ती टोकं मनगटाबाहेर लोंबत नाहीत ना ते पाहा. बाकीचे पंधरा रकाने तुम्ही भरणारच आहात.

हेलियम सोडायची झडप असलेलं एक घड्याळ मला फार आवडलं होतं. खोल समुद्रात काम करणारे पाणबुडे अनेक दिवस दाबाखालच्या बंद खोलीत राहतात. तिथल्या हवेतला हेलियम घड्याळात झिरपतो, आणि वर येताना काच उडवू शकतो. म्हणून ती झडप. माझा हेलियमशी संबंध भाचीच्या वाढदिवसाच्या फुग्यांपुरता. तरी ती झडप नाकारायला मला दोन आठवडे लागले.

बायको दुकानाबाहेर स्टुलावर बसून असायची. पैठणीच्या दुकानांत मी वीस वर्षं ज्या स्टुलावर बसलो, तेच बहुधा. एकदा तिने आत डोकावून विचारलं, “हे काळं आणि ते काळं यात फरक काय?” मी म्हणालो, “हे मॅट आहे.” ती म्हणाली, “आठव, मी रामा आणि मोरपिशीतला फरक सांगत होते तेव्हा तू काय म्हणाला होतास.” मला आठवलं. मी काहीच म्हणालो नव्हतो, जांभई दिली होती.

घड्याळ घरी आलं, आणि लोकांना पडला तोच प्रश्न मलाही पडला: हे एवढं महाग का? धातू दुर्मीळ म्हणावा तर तसंही नाही. पृथ्वीच्या कवचात विपुलतेच्या यादीत टायटॅनियम नवव्या नंबरावर आहे. खुद्द आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे, तिच्यात इल्मेनाइट आहे, आणि इल्मेनाइट म्हणजे लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन. लहानपणी समुद्रावरून आलो की आजी ओरडायची, “पाय धुऊन या रे, काळी रेव घरात नको.” आम्ही विहिरीवर पाय धुवायचो. माझ्या आयुष्यातलं बरंचसं टायटॅनियम त्या पोफळीच्या आळ्यात गेलेलं आहे.

महाग आहे ते त्याला सोडवणं. ऑक्सिजन म्हणजे गिरगावातली पागडीची खोली, आणि टायटॅनियम म्हणजे तिथला तिसऱ्या पिढीतला भाडेकरू. तो हलत नाही. लोखंडासारखं कोळशाबरोबर भाजून तो बाहेर येत नाही. उलट कोळशाशीच संधान बांधून आणखी कडक होतो. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांनी १९४० च्या सुमारास यावर बिल्डरी तोडगा काढला. कोळसा आणि क्लोरीन अशी दोन माणसं एकदम पाठवायची. कोळसा ऑक्सिजनला घेऊन जातो आणि क्लोरीन टायटॅनियमला संक्रमण शिबिरात हलवतं. मग तिथे तापलेलं मॅग्नेशियम सोडायचं; ते क्लोरीनला पळवतं. उरतं ते एकटं टायटॅनियम, भोकाभोकांचं, स्पंजासारखं. आणि हे सगळं होईपर्यंत तिथे हवेचा शिरकाव नको, कारण गरम टायटॅनियमला ऑक्सिजन नुसता दिसला तरी ते पुन्हा जुन्या खोलीत जाऊन बसतं. पुढे कातकाम करतानाही ते हत्यारं खातं. इस्रोच्या पाठिंब्याने केरळात चवरा इथे २०११ मध्ये आपला स्वतःचा स्पंजाचा कारखाना निघाला. रॉकेटवाल्यांना याची गरज का, हे मला पटतं. तिथे एकेका ग्रॅमचं भाडं भरावं लागतं. मला गरज का, हे मी अण्णांना सांगायचं टाळतो.

या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ नावाचं मानक असतं. दहावी-बारावीपेक्षा कडक परीक्षा. निदान १०० मीटर पाणी सोसलं पाहिजे, लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब झेलला पाहिजे, काळोखात २५ सेंटीमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. माझ्यावर २०० मीटर लिहिलं आहे. हौशी पाणबुड्याने ४० मीटरच्या खाली जाऊ नये असा शिरस्ता आहे. मुंबई हायला, जिथे तेलाच्या विहिरी आहेत, समुद्रच मुळी पाऊणशे मीटरच्या आसपास खोल आहे. म्हणजे मी तिथे तळाला पोचलो तरी घड्याळाला आणखी सव्वाशे मीटरची उमेद शिल्लक राहील. माझी नाही.

पण यातली सगळ्यात शहाणी वस्तू म्हणजे तबकडीभोवतीचं फिरणारं कडं, बेझल. पाण्यात उतरताना त्याची खूण मिनिटकाट्यावर आणायची, की किती वेळ झाला ते दिसतं. हे कडं एकाच बाजूला फिरतं. चुकून धक्का लागून सरकलंच, तर ते जास्त वेळ झाल्याचं दाखवतं, कमी कधीच नाही. माणूस हवा शिल्लक असतानाच वर येतो. चूक झाली तरी ती जगवणाऱ्या बाजूला व्हावी. हे वाचून मी भिंतीकडे पाहिलं. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ गेली तीस वर्षं दहा मिनिटं पुढे आहे. आईने ते मुद्दाम तसं लावलं होतं. त्यामुळे आमच्या घरात कुणाचीही गाडी चुकली नाही. आयएसओला हे कळायला कमिटी बसवावी लागली.

एवढं सगळं असूनही एक गोष्ट सांगायची राहिली. घड्याळ आल्यापासून पहिले सात महिने मी त्याला पाणी लागू दिलं नाही.

आंघोळीला जाताना काढून ठेवायचो. भांडी घासताना काढायचो. जून उजाडला तसं छत्री असूनही डावा हात खिशात. बायकोने एकदा हिशेब मांडला, “२०० मीटरचं घड्याळ आणि बेसिनला घाबरतं?” घड्याळ घाबरत नव्हतं, ५२ हजार घाबरत होते. दिवाळीनंतर मालवणला गेलो. समुद्राखाली नेऊन मासे दाखवतात, तिथे नाव नोंदवलं. आता खरा प्रसंग, म्हणून रात्री बेझल फिरवून सराव केला. सकाळी बोटीवर बसायच्या आधी घड्याळ काढलं, रुमालात गुंडाळलं आणि बायकोच्या पर्समध्ये ठेवून पर्स लॉकरमध्ये ठेवली. खारं पाणी, म्हटलं, उगाच कशाला. मला खाली घेऊन गेलेल्या मुलाच्या मनगटावर प्लास्टिकचं घड्याळ होतं. आम्ही सात-आठ मीटर गेलो असू. किती वेळ होतो ते सांगता येणार नाही.

खरा दाब त्याने सोसला तो डोंबिवलीला, सकाळच्या ८.१३ च्या फास्ट लोकलमध्ये. तिथे आयएसओची माणसं अजून आलेली नाहीत. तिथेच दाराच्या दांड्यावर घासून त्याला पहिला ओरखडा पडला. टायटॅनियमचं हेही एक आहे: ते गंजत नाही, पण ओरखड्याला नाही म्हणत नाही. दोन दिवस माझी भूक मेली. तिसऱ्या दिवशी एक विचित्र गोष्ट झाली. रात्री झोपताना मनगटाकडे लक्ष गेलं आणि कळलं की घड्याळ काढायचंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. स्टीलचं घड्याळ घरी आल्यावर कधी एकदा उतरवतो असं व्हायचं. हे हाताला जाणवतच नव्हतं. थंडीच्या पहाटे गारही लागायचं नाही. जी वस्तू सगळ्यांना दाखवायची म्हणून घेतली, ती मलाच दिसेनाशी झाली होती.

आमच्या सोसायटीत पाणी पहाटे येतं आणि खालच्या टाकीतून ते गच्चीवर चढवायला मोटर लावावी लागते. पस्तीस मिनिटांत वरची टाकी भरते. मी कमिटीत असल्यामुळे मोटरचं खातं माझ्याकडे. बटण दाबलं की बेझलची खूण मिनिटकाट्यावर, आणि मग चहा. पाण्याशी माझ्या घड्याळाचा एवढाच सरकारी संबंध.

मागच्या महिन्यात एका पहाटे पंचवीस मिनिटांतच गच्चीवरून पाण्याची धार लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या सांडग्यांवर. मी वर धावलो. पाणी सोडणारे मामा आधीच टाकीवर चढले होते. टाकीचा चेंडू अडकला होता. “तुमचा हात बारीक आहे,” ते म्हणाले, “तुम्हीच घाला.” मी झाकणातून डावा हात खांद्यापर्यंत आत घातला, चाचपला, चेंडू सापडला, हलला. धार थांबली.

“साहेब,” मामा झाकणातून आत डोकावत म्हणाले, “आत काहीतरी पेटलंय.”

मीही डोकावलो. काळ्या टाकीतल्या काळ्या पाण्यात, हातभर खोल, हिरवे ठिपके गोल करून बसले होते. बारा ठिपके, दोन काटे आणि सेकंदाचा एक चिमुकला जीव त्यांच्याभोवती फेरी घालत होता. पंचवीस सेंटीमीटरचं काय घेऊन बसलात, मीटरभरावरून वेळ वाचता येत होती. सहा वाजायला अकरा मिनिटं कमी.

हात बाहेर काढायला हवा होता. मी नाही काढला. अजून थोडा खाली घातला.

“भारी घड्याळ आहे हां,” मामा म्हणाले.

“हो,” मी म्हणालो, “भारी आहे.”